काही ठेवायचंय का?

१

पडदा निळा पडला की गिऱ्हाईक आधी कॉम्प्युटरला शिव्या देतं, मग आम्हाला. आपण दोन्ही ऐकून घ्यायच्या, चहा सांगायचा आणि कॅबिनेटचे स्क्रू काढायला बसायचं. उल्हासनगरात कॅम्प तीनमध्ये माझं दुकान. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता कॉम्प्युटरवर आलो, कॉलेजची पायरी काही चढलो नाही. जे आलं ते बिघडलेल्या मालानं शिकवलं आणि थोडंफार शेजारच्या सिंधी टेकचंद शेठनी. शेठ म्हणायचे, "शिवराम, साईं, पार्ट कभी झूठ नहीं बोलता. गिराहक बोलता है."

कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारा एक कारखानदार होता. त्याचं मशीन रोज जेवणानंतर निळं पडायचं. त्यानं पूजा घातली, मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली, बायकोच्या माहेरचा एक बाबाही आणून बसवला. मी जाऊन नुसता बसलो. वरच्या मजल्यावरचे कारागीर जेवून आले, काज-बटणाची मशीनं एकदम सुरू झाली, पंखा मंदावला आणि पडदा निळा. लाइटचा दाब पडत होता, दुसरं काही नाही. त्याला स्टॅबिलायझर विकला. लिंबू तेवढं राहू दिलं. म्हटलं, गिऱ्हाइकाचा विश्वास आहे, आपण कशाला काढा.

दुसऱ्या एकाच्या कॅबिनेटमध्ये उंदरानं संसार मांडला होता. तिसऱ्याची रॅम फक्त मळली होती. शाळेतल्या खोडरबरानं तिचे पिवळे दात घासले आणि मशीन पुन्हा पळायला लागलं. सांगायचं एवढंच की बिघाडाला कारण असतं. आमची पद्धत सोपी. संशयाचा पार्ट काढायचा, दुकानातला चालता पार्ट लावायचा आणि बघायचं. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. ज्याच्यामुळे फरक पडला तो चोर.

हेमचंद्ररावांकडेही मी ह्याच हिशेबानं गेलो होतो. तोवर विंडोज अठ्ठ्याण्णव बाजारात येऊन वर्ष होत आलं होतं आणि निळ्या पडद्याची मला सवय झाली होती.

२

हेमचंद्रराव अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सचे ऑफिसर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. दुसरे ऑफिसर सकाळी पेपर घेऊन बसले ते दुपारीही तोच पेपर घेऊन बसलेले. ह्यांनी माझ्याकडून कॉम्प्युटर घेतला, मराठी टायपिंग शिकले आणि बदलापूरला कुळगावातल्या आपल्या फ्लॅटमध्ये लग्नपत्रिका बनवायला लागले. बदलापूर-अंबरनाथचे प्रेसवाले त्यांच्याकडे काम टाकायचे. घर त्या मशीनवर उभं होतं.

"शिवरामशेठ," ते म्हणायचे, "जन्मभर बॉयलर सांभाळले, आता नवरदेव सांभाळतोय. दोन्ही सारखेच. वाफ कधी सुटेल सांगता येत नाही." मग माझ्या कॅबिनेटवर टिचकी मारून, "माल उल्हासनगरचा! आत काय निघेल देव जाणे."

"कांदे-बटाटे निघाले तर परत घेईन साहेब," मी म्हणायचो.

त्यांची एकच मुलगी, कुंदा, नागपूरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. त्यासाठी मशीनच्याच खोलीत त्यांनी पाळण्याचा हूक बसवला होता. स्वतः लोंबकळून बघितलं, सुनंदावहिनी ओरडत असताना. "एका ऑफिसरचं वजन घेतं म्हणजे नातवाचं घेईल," म्हणाले.

मशीन अधूनमधून निळं पडतं एवढीच तक्रार होती. कधीही पडतं, कशावरही पडतं. मी गेलो, खुर्चीत बसलो. पत्रिका उघडल्या, बंद केल्या, पत्त्यांचा खेळ खेळलो. काही नाही. वहिनींना बसवलं. त्यांना माऊस धरता येत नव्हता. हसत हसत त्यांनी पडद्यावर रेघोट्या मारल्या. काही नाही. मग हेमचंद्रराव पाणी पिऊन आले आणि खुर्चीत टेकले. हात अजून मांडीवर होते.

पडदा निळा. वर ती पांढरी अक्षरं.

"बघा! आला की नाही?" ते म्हणाले, एखादा नाठाळ पाहुणा वेळेवर आल्यासारखे खूश होऊन.

मी टेबलाखाली वाकलो. अर्थिंग बघितली. वायर खुर्चीच्या पायाखाली दबते का बघितलं. त्यांची पँट टेरिलिनची होती. म्हटलं कपड्यातली वीज असेल. खुर्चीखाली रबराची चटई टाकून दिली आणि समाधानानं घरी गेलो.

३

चटईनं फरक पडला नाही. मी रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला. मग मदरबोर्ड, मग हार्ड डिस्क. जुनीवरचं सगळं नवीवर जसंच्या तसं उतरवून घेतलं. शेवटी मॉनिटर आणि कीबोर्डसुद्धा. मूळचा म्हणावा असा नुसता पत्र्याचा डबा राहिला. काढलेले पार्ट मी दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघितले. सगळे बिनतक्रार चालत होते. पद्धतीप्रमाणे चोर सापडायला पाहिजे होता, आणि माझ्याकडे सगळे साव जमले होते.

असाच एकदा मी बाजूला स्टुलावर बसलो होतो. हेमचंद्रराव चहा पीत कुंदाची गोष्ट सांगत होते. लहानपणी तिला कारखान्याचा भोंगा ऐकू आला की ती दारात जाऊन उभी राहायची. एक दिवस ह्यांना ओव्हरटाइम होता, तर पोरगी भोंगा झाल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत उंबऱ्यावर...

ते थांबले.

मला वाटलं आठवण दाटून आली. मी आपला खाली बघत बसलो. मग चहा ठिबकायचा आवाज आला. कप तोंडाशी नेता नेता तिरका झाला होता आणि चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडत होता. डोळे उघडे. पापणी लवत नव्हती.

त्यानंतर पडदा निळा पडला. त्यानंतर. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरी हात सवयीनं पुढे गेला. डब्यावरचं मशीन पुन्हा चालू करायचं छोटं बटण मी दाबलं. डिस्क कुरकुरली, एक बारीक शिट्टी वाजली.

"अहो, शिवरामशेठ! या या!" हेमचंद्रराव तोंडभर हसले. "कधी आलात? सुनंदा, चहा टाक गं!"

रिकामा कप त्यांच्या हातात होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी निघालो तसा त्या जिन्यापर्यंत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"जेवतानापण होतं, भाऊ. घास हातात तसाच राहतो. कल्याणला डॉक्टरांना दाखवलं. डोक्याचा फोटो काढला. काही नाही म्हणाले."

"फिट असेल वहिनी. एक बारीक फिट असते, माणूस नुसता गप्प होतो. आमच्या वाडीत होता एक."

"असेल," त्या म्हणाल्या. "मी खोलीत जाऊन ते बटण दाबते. मग येतात ते परत."

"बटण दाबायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच तर तसं करता."

४

मी मनाला पटवत गेलो. फिट येताना अंगाला झटका बसत असेल, टेबल हलत असेल, आत कुठेतरी टाका सुटत असेल. पार्ट बदलले तरी टेबल तेच होतं ना? शेवटी मशीन उचलून दुकानात आणलं. माझ्या टेबलावर ते दिवसभर चाललं. एकदाही निळं पडलं नाही. मी खूश. खोट त्यांच्या घरात, माझ्या मालात नाही.

मग वहिनींचा फोन आला. आवाज अगदी हळू होता, कोणी शेजारी झोपलं असावं तसा.

"भाऊ, मशीन घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी डबा, मागे बांधलेला मॉनिटर, असा मी अंबरनाथवरून बदलापूरला गेलो. हेमचंद्रराव रिकाम्या टेबलापुढे बसले होते. दाढीचे खुंट वाढले होते. वहिनी चमच्यानं त्यांच्या ओठांना पाणी लावत होत्या आणि ओल्या फडक्यानं डोळे पुसत होत्या, कारण डोळे मिटत नव्हते.

"काल तुम्ही मशीन उचलून जिना उतरलात ना," वहिनी म्हणाल्या, "तेव्हापासून."

मी वायरी जोडल्या. बटण दाबलं.

"या या, शिवराम..." हेमचंद्ररावांनी हनुवटीवरून हात फिरवला. खुंट लागले. ते बायकोकडे बघत राहिले, तिच्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिले. मेंटेनन्सचा माणूस. त्याला दोनदा सांगावं लागत नाही.

"सुनंदा, किती वेळ?"

"कालपासून," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मला भीती वाटली पुन्हा थांबले की काय. मग अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "शिवरामशेठ, पार्ट सगळे बदलून झाले. तुमच्या लायनीत ह्याच्यापुढे काय करतात?"

"फॉरमॅट मारतो, साहेब."

"म्हणजे?"

"आतलं सगळं पुसायचं. कोरी पाटी. मग नव्यानं भरायचं."

"त्यानं मशीन चालतं?"

"चालतं. शेवटचं औषध आहे ते."

"मग मारा."

"अहो, जरा दम धरा," वहिनी म्हणाल्या.

"दम कसला? कुंदा येतेय. तिला कळा सुरू झाल्या आणि मी असा पुतळा होऊन बसलो तर रिक्षा कोण आणणार, तू?"

आमच्या धंद्यात फॉरमॅट मारण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो. न विचारता पुसलं तर गिऱ्हाईक जन्मभर नाव ठेवतं. तो मी विचारला. "काही ठेवायचंय का साहेब? फ्लॉपीवर काढून घेतो."

"पत्रिका घ्या. लोकांची लग्नं आहेत."

"आणि घरचं काही?"

"घरचं त्यात काय असायचं?" हेमचंद्रराव म्हणाले.

मी फ्लॉपी भरल्या आणि फॉरमॅट मारला. पडद्यावर टक्के चढत होते. ते खिडकीबाहेर बघत होते आणि चेहरा इतका निवांत होत चालला होता, की मला बरंच वाटलं.

५

मशीन झकास चालायला लागलं. एक तक्रार नाही. अंबरनाथचा प्रेसवाला मला मुद्दाम भेटून म्हणाला, "तुमचे हेमचंद्रराव म्हणजे यंत्र आहे हो. एक काना-मात्रा चुकत नाही, की नको त्या गप्पा नाहीत."

मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो. दार हेमचंद्ररावांनीच उघडलं. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा.

"या. कोण हवंय आपल्याला?"

मला वाटलं चेष्टा. मी म्हटलं, "बॉयलरवाले साहेब हवेत."

"इथे तसं कोणी नाही," ते अदबीनं म्हणाले. "पण बसा ना. ऊन आहे." आणि टेबलाशी जाऊन टाइप करायला लागले.

वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. गॅसवर काही नव्हतं, तरी त्या गॅसकडे तोंड करून बोलत होत्या.

"मला बाई म्हणतात. 'बाई, चहा छान झालाय.' आवाज चढवत नाहीत, भांडत नाहीत. इतक्या वर्षांत एवढं चांगलं वागले नव्हते, भाऊ. कुंदाचा फोन आला, तर 'राँग नंबर आहे बरं का' म्हणून हलकेच खाली ठेवला. मी तिला सांगितलं, बाबांना कमी ऐकू येतंय."

बाहेरून टाइप करायचा आवाज येत होता. एका लयीत, मध्ये कुठेही न अडखळता.

"जुनं परत येत नाही का?"

"फ्लॉपीवर घेतलेलं येतं, वहिनी."

"काय घेतलं होतंत?"

मी सांगायच्या आत त्यांना आठवलंच.

"पत्रिका," त्या म्हणाल्या. "तरीच. झोपेत बोलतात. 'आमचे येथे श्रीकृपेकरून...' आणि मग लोकांच्या मुलींची नावं. एकामागून एक. मी जागी राहून ऐकते, त्यात आमच्या मुलीचं येतंय का."

येत नव्हतं. कुंदाचं लग्न मशीन यायच्या आधीच झालेलं.

निघताना त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. "पुढच्या आठवड्यात ती येतेय. त्याच्या आत हा डबा घेऊन जा. ह्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. मी आहे तिला ओळखायला."

"ह्या दिवसांत तुम्ही त्या मशीनशी बसत नाही ना?" मी विचारलं.

"बसावं लागतं. प्रेसवाले येतात, ह्यांना कोण कुठला ते कळत नाही. मी शेजारी बसून सांगते."

६

मी दोन दिवसांत जाणार होतो. दुकानात माल आला, त्यात आठवडा सरत आला. गेलो तेव्हा भर दुपार होती. पाळणा हुकाला टांगलेला होता. खिडकीतलं ऊन त्याच्यावरून टेबलापर्यंत आलं होतं. हेमचंद्रराव टाइप करत होते आणि वहिनी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

"आलात भाऊ? बसा. कुंदा कधीही येईल आता. मी डिंकाचे लाडू करून ठेवलेत, तिला आवडतात म्हणून खोबरं जरा..."

दुपट्याची अर्धी घडी हातात राहिली.

मी नाव घेऊन हाक मारली. खांदा हलवला. मागे पडदा निळा पडला. हेमचंद्रराव निळ्या पडद्यावरच टाइप करत राहिले.

मी बटण दाबलं.

"आलात भाऊ? बसा," वहिनी म्हणाल्या. "कुंदा कधीही येईल आता. मी डिंकाचे लाडू करून..."

पुन्हा निळा. पुन्हा बटण.

"आलात भाऊ? बसा. कुंदा..."

प्रत्येक वेळी अलीकडे थांबत होत्या. प्लग काढून डबा उचलला, तर त्या ओठ कोरडे पडत, दुपटं धरून बसणार. ठेवला, तर बटणाशी कोणीतरी जन्मभर उभं राहायला हवं. शेवटी शेवटी त्या "आलात" एवढंच म्हणत होत्या. मला कारण सापडत नव्हतं. पंखा नीट फिरत होता, दाब ठीक होता. मी मूर्खासारखा टेबलाखाली वाकून वायर बघत होतो.

"दोष आहे," वरून हेमचंद्ररावांचा आवाज आला. गोड, मदतीचा. "सोपं आहे. मी करतो."

मी डोकं वर काढलं तोवर त्यांनी खणातली, मागच्या वेळी मी ठेवून गेलेली फॉरमॅटची फ्लॉपी घालून मशीन चालू केलं होतं. टाइप करून झालं होतं. सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं मशीन इंग्रजीत विचारत होतं.

"साहेब, थांबा!" मी त्यांचं मनगट धरलं. ते रागावले नाहीत, ओढाताण केली नाही. माझ्याकडे बघून हसले. त्यांना दुसरा हात होता.

टक्के चढायला लागले.

मी वहिनींच्या कानाशी ओरडलो. "वहिनी, कुंदा! तुमची कुंदा! कुंदा!" दुसरं काय वाचवायचं ते सुचलं नाही. वाटलं, एवढं एक नाव आत राहिलं तरी बास. त्यांचे ओठ हलले. "कुं" इतकं मी नक्की ऐकलं. डिस्क कुरकुरत होती, मी ओरडत होतो, आणि बेल वाजली.

बेल दोनदा वाजेपर्यंत टक्के पुरे झाले.

वहिनी उठल्या. दुपट्याची घडी पुरी केली, टेबलाच्या कडेला नीट ठेवली आणि दार उघडलं.

"या. कोण हवंय आपल्याला?"

दारात कुंदा होती. घामाघूम, एक हात कमरेवर, पोट पुढे. मागे रिक्षावाला बॅग घेऊन.

"आई, तूपण?" ती खदखदून हसली. "बाबांनी शिकवलं ना हे? दोघांना आता आजी-आजोबा व्हायचंय, जरा तरी... सरक बाई, पाय बघ कसे सुजलेत."

वहिनी बाजूला झाल्या. हेमचंद्रराव लगबगीनं उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे केली.

"बसा ना," ते म्हणाले. "उन्हातून आलात."

कुंदा हसतच बसली. दोघांच्या तोंडाकडे बघत, कोण आधी हसतंय ह्याची वाट बघत बसली. दोघंही हसऱ्या चेहऱ्यानं तिच्याकडे बघत होते. मग तिचं हसू जरासं कमी झालं आणि ती माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना, मी कोण ते."

मी सांगितलं. दोघांनी लक्ष देऊन ऐकून घेतलं.